पाव्हणी वाघीण

वाघिणीला सर्दी झाली, तिनं एक जोरदार शिंक दिली आणि तिच्या अंगावरचे सगळे पट्टे उडून गेले, अशी भन्नाट गोष्ट मी सांगत होते आणि समोर बसलेली एकवीस लेकरं भिंतीवरच्या पालीकडं बघत होती.

गोष्ट माझी स्वतःची होती. सकाळी आंघोळ करताना सुचलेली, एकदम ताजी. पट्टे उडतात, एक कावळ्याला सापडतो, एक म्हशीला, एक मोराला. मग बिनपट्ट्याची वाघीण दारोदार फिरते आणि म्हणते, "माझा पट्टा देता का हो?" मी सगळ्यांचे आवाज काढत होते. पण पालीनं एक किडा पकडला आणि लेकरांनी टाळ्या वाजवल्या. पालीसाठी!

माझी नववीची परीक्षा संपून चारच दिवस झाले होते. आशाकाकू आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या सेविका. त्या आमच्या समोरच राहतात, त्यामुळं माझी बडबड त्यांना घरबसल्या ऐकू जाते. त्याच आईला म्हणाल्या होत्या, "तुमची पुनम दिवसभर तोंड चालवून राहिली घरात. माझ्याकडं धाडा, तिथं कामाला येईल तिचं तोंड."

आई म्हणाली, "न्या बाई. आत्ताच न्या."

खरं सांगायचं तर हे तोंड मला मागच्याच वर्षी फुटलंय. त्याआधी मी वर्गात "हजर" म्हणायचे ते फक्त माझ्या बाकाला ऐकू जायचं. मग शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटकातल्या म्हातारीला गोवर निघाला आणि सरांनी ऐनवेळी मला लुगडं नेसवून स्टेजवर ढकललं. लुगडं नेसल्यावर वाटलं, ही काय मी नाही, ही म्हातारी आहे, हिला कोण काय म्हणणार? मी इतकी बोलले की पडदा पडला तरी मी बोलतच होते. तेव्हापासून मी थांबलेली नाही.

म्हणून मी पालीपुढं हार मानणं शक्यच नव्हतं. मी आशाकाकूंच्या खुर्चीवरचा काळा टॉवेल ओढला, दोन्ही हातांवर पसरला आणि पालीच्या खाली जाऊन ओरडले, "काव! ए पाली, हा पट्टा तुझा का गं?"

पाल पळाली. एकवीस तोंडं माझ्याकडं वळली. मुन्ना नावाचं एक गोलमटोल पोरगं उठून उभं राहिलं आणि म्हणालं, "दीदी, मला बी टॉवेल पायजे."

बस्स. मला गोष्ट सांगायची किल्लीच सापडली, तिचं नाटक करायचं!

दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं घरून काहीतरी आणलं. बापाचं उपरणं, आईची ओढणी, आजोबाची टोपी. मुन्नाला म्हैस व्हायचं होतं आणि त्यानं ऐन उन्हाळ्यात लोकरीचा मफलर आणला.

"म्हशीला मफलर काहून रे?" मी विचारलं.

"माझी म्हैस हाय. तिला थंडी वाजून राहिली."

मफलर मंजूर. जुन्या छत्रीचं कापड कापून मी काळे पट्टे केले आणि पक्षी-प्राणी झालेल्या लेकरांच्या अंगावर टाचण्यांनी लावले. मोराची पिसं आम्ही कागदावर निळीच्या पाण्यानं रंगवली. राहिली वाघीण. अंगणवाडीतल्या रंगाच्या डबीतला पिवळा रंग वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. आणि बाजारातला रंग लेकरांच्या तोंडाला नको, असं आशाकाकूंनी बजावलं होतं.

पण आमच्या कुरुंद्यात, हळदीच्या गावात, एप्रिल महिन्यात पिवळ्या रंगाची काळजी कोण करतं? शिजवलेली हळद अंगणात वाळत पडलेली, पोत्यात भरलेली, ती घासून चकचकीत करायचा पॉलिशचा ड्रम फिरतो तिथून उडून कडुलिंबाच्या पानांवर बसलेली. आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा या दिवसांत पिवळी फिरतात. मी घरून वाटीभर हळद आणली आणि खोबरेल तेलात कालवली. असा झकास रंग झाला की खऱ्या वाघानं बघितला असता तर त्यालाही हेवा वाटला असता.

वाघीण व्हायला सगळेच तयार होते. मी मात्र कोपऱ्यात बसलेल्या इसूकडं बोट केलं.

इसू म्हणजे ईश्वरी. पाच वर्षांची, दोन शेंड्या, आणि तोंडातून शब्द नाही. आशाकाकू म्हणाल्या होत्या, "आधी लई बोलायची. होळीपासून गप झाली, काय झालं काय माहीत." मला तिच्यात मागच्या वर्षीची मीच दिसत होते. मी मनात म्हटलं, थांब पोरी, तुला मी असं रंगवते की तू गावभर डरकाळ्या फोडत फिरशील.

"वाघीण होशील?"

तिनं मान डोलावली. मी पिवळ्या ओढणीची वेणी घालून तिला शेपूट बांधलं. ते तिनं हातात धरलं, मागं वळून पाहिलं, आणि तिच्या दोन पडलेल्या दातांची खिंड मला पहिल्यांदा दिसली. हसली होती ती! मग डोळे मिटून बसली आणि मी तिच्या गालांना, कपाळाला, कोपरापर्यंत हातांना छान हळद लावली.

तेवढ्यात खिचडीचं पातेलं घेऊन रुक्मामावशी बाहेर आल्या. त्या अंगणवाडीच्या मदतनीस. जीव मोठा, आवाज त्याहून मोठा.

"आगं माय माय माय! इसूला हळद लागली की! आता हिलाबी गाडीत बसवून डोंगरकड्याला धाडायची का, आत्याच्या शेजारी?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.

इसूनं डोळे उघडले. स्वतःचे हात पाहिले. मग उठली आणि थेट बाहेरच्या नळाकडं पळाली. तिथं फडकी धुवायच्या साबणाची वडी असते. ती दोन्ही हातात धरून ती गाल घासायला लागली, हात घासायला लागली, आणि तिथंच गडबड झाली.

हळदीला साबण लागला की ती लाल होते. आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक असतं, हळदीचे कपडे धुताना रोज दिसतं. पण पाच वर्षांच्या लेकराला कुठून ठाऊक असणार? पिवळं गेलं नाही. पिवळ्याचं लालभडक झालं. इसूनं तळव्यांकडं पाहिलं आणि अशी किंचाळली की माझ्या हातातली वाटी खाली पडली.

"कुकू! कुकू आलं!"

मी जवळ गेले तर मलाच ढकललं. आणि शेपूट धुळीत ओढत घराकडं पळत सुटली.

रुक्मामावशींच्या हातातलं पातेलं तसंच. "मी तर हसून बोलले गं पुनम."

"मला काही कळलंच नाही, काकू. काय झालं?" मी म्हटलं.

आशाकाकू खाली बसून वाटी उचलत होत्या. "कसं न्हाई आलं माझ्या ध्यानात? तिची आत्या, निलम. होळीच्या आधी लगीन झालं तिचं, डोंगरकडा गावाला दिली. इसूची आई दिवसभर रानात, पोरीला निलमनंच वाढवलेलं. जेवायला तिच्या हातचं, झोपायला तिच्या कुशीत." त्यांनी वाटीला लागलेली माती पुसली. "हळद लावली, कुकू लावलं, गाडीत बसवलं अन् आत्या गेली. लेकरानं एवढंच बघितलं."

म्हणजे ती नळावर वाघिणीचा रंग धूत नव्हती. तिला वाटलं, तिचं लग्न लागलं. हळद मी लावली, कुंकू साबणानं लावलं. आता फक्त गाडी यायची बाकी.

"उद्या आली न्हाई तर तूच घेऊन यायची तिला," आशाकाकू म्हणाल्या. "मी जाऊन उपेग न्हाई. हळद तुझ्या हातची हाय."

ती आली नाहीच. सगळ्यांचे पट्टे लागले, मुन्नाचा मफलर लागला, वाघिणीची जागा रिकामी. मी म्हटलं, काळजी नको, आपल्याकडं विज्ञान आहे. हळदीला साबण लागला तर लाल, लिंबू पिळलं तर परत पिवळी. शाळेच्या प्रयोगशाळेत मी स्वतः करून पाहिलंय. बाईंनी शाबासकी दिली होती. घरातून एक रसरशीत लिंबू घेतलं आणि निघाले.

इसूच्या अंगणात हळद वाळत पडली होती आणि तिची आजी, सुमनआजी, एका कडेला बसून हळदीची मुळं निवडत होत्या.

"ये बाई," त्या म्हणाल्या. "पोत्यामागं हाय ती. कालपासून बाहेर न्हाई. रस्त्यानं जीप वाजली की आत पळती. तूच रंगवली म्हणं?"

"हो आजी. चूक झाली."

"चूक कशाची? लेकरू येडं हाय."

ओसरीवर हळदीची पोती रचलेली होती. पोत्यांच्या मागून पिवळ्या ओढणीचं टोक दिसत होतं. म्हणजे शेपूट तिनं काढलं नव्हतं! मला एवढा धीर आला की मी थेट प्रयोगालाच बसले. "इसू, बघ जादू. तुझं कुंकू मी घालवते."

एक हात हळूच बाहेर आला. अजून लालसर होता. मी लिंबू पिळलं. लाल गेलं आणि झक्क पिवळं झालं.

"बघ! गेलं की नाही कुंकू?"

मग आतून हुंदका. "आता पुना हळद लागली!"

हात आत गेला. विज्ञान बाहेरच राहिलं. मला इतकी लाज वाटली की उरलेलं लिंबू मीच चोखून टाकलं.

सुमनआजी हसल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी पोत्याला टेकून बसले. काही सुचत नव्हतं म्हणून गप्पच बसले, आणि माझ्यासाठी ते फार अवघड काम आहे. बऱ्याच वेळानं पोत्यामागून आवाज आला.

"दीदी."

"काय गं?"

"मी गेल्यावर परत आले, तर पाव्हणी होईन का?"

"पाव्हणी कशी होशील? तुझं घर आहे हे."

"आत्याचं बी होतं."

सुमनआजी कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या. "निलम आली होती ना मधी, लग्नानंतर पयल्यांदा," त्या मला सांगायला लागल्या, जरा अभिमानानंच. "जावईबापू बी होते. ओसरीवर नवी चटई टाकली. पुरणाचा सैपाक केला. हातावर पाणी दिलं, कपाट उघडून नवं पातळ दिलं. जशी पाव्हणी ठेवावी तशी ठेवली बघ. येक रात राहून गेली."

पोत्यामागून इसू म्हणाली, "ती पाणी मागून राहिली होती."

"कोण?"

"आत्या. तिच्याच घरात."

सुमनआजींनी चहा तसाच खाली ठेवला आणि पुन्हा मुळं निवडायला बसल्या.

घरी आले तर आई भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं, अगदी लिंबापर्यंत. आई लिंबावर हसली आणि बाकीच्यावर नाही हसली.

"आई, तू पुसेगावला आजीकडं जातेस तेव्हा पाव्हणी असतेस का गं?"

"मी? मी गेले की पयले घरात घुसते अन् डबे उघडते. काय केलंय, काय न्हाई. तुझी आजी बोंबलते, 'आली का घूस! हात धू आधी!'"

"तुला राग नाही येत?"

"राग काहून येईल?" तव्यावरची भाकर उलटत आई म्हणाली. "ज्या दिवशी ती म्हणेल 'बसा', त्या दिवशी मी रडत माघारी येईन."

मी आईला मिठी मारली. तिच्या हाताचं पीठ माझ्या केसांना लागलं आणि तिनं मला घूस म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी हळदीची वाटी घेऊन इसूकडं गेले. आज ती पोत्यामागं नव्हती, दाराच्या उंबऱ्यावर होती, पण वाटी दिसताच उठली.

"तुला नाही लावत," मी घाईनं म्हटलं. "मला लाव. आज मी वाघीण."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच येडं लेकरू. मी अंगणात मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि तोंड पुढं केलं. खूप वेळ काही झालं नाही. नाकावर माशी बसली, तरी मी हलले नाही. मग एक बोट गालाला लागलं. मग दुसरं. मग अख्खा तळवा, फटकन. हळूहळू नाही हं, भिंत सारवावी तसं. कानात गेली, भुवयांत गेली.

"झालं," ती म्हणाली. आणि लगेच, "आता तू जा."

"कुठं?"

"डोंगरकड्याला."

मी उठले. पदराऐवजी ओढणी डोक्यावर घेतली, खोटं खोटं रडले, "येते गं इसू," म्हटलं आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. समोरून दूधवाले काका चालले होते. माझं पिवळं तोंड पाहून त्यांनी सायकलच थांबवली. मी त्यांना म्हटलं, "मी डोंगरकड्यात आहे काका, मला बोलू नका." ते गेले.

फाटकाच्या फटीतून मला इसू दिसत होती. ती उभी होती, दोन्ही हात हळदीनं भरलेले, आणि ओठ थरथरत होते. मी म्हटलं आता पुरे, पण तेवढ्यात तिनंच हाक मारली, "ये आता."

मी आत आले. तिनं धावत जाऊन ओसरीवर चटई टाकली आणि मोठ्या बाईसारखं म्हणाली, "बसा."

आईचं तोंड माझ्या डोळ्यांपुढं आलं. मी चटईवरून उडी मारली, सरळ स्वयंपाकघरात घुसले, माठातून तांब्या भरून पाणी प्याले, फळीवरचा पहिला दिसला तो डबा उघडला आणि त्यातला शेंगदाण्याचा लाडू तोंडात कोंबला.

इसू माझ्या मागं धावली. "आँ! पाव्हणी असं न्हाई करत!"

"मं मी पाव्हमी माहीच," मी लाडूभरल्या तोंडानं म्हटलं.

"काय?"

मी लाडू गिळला. "मी पाव्हणी न्हाईच. माझं घर हाय. मला भूक लागली."

"पण तुला हळद लागली!"

"लागली तर? हळद लागली म्हणून भूक काय परक्याची होती का?"

इसू विचारात पडली. डोळे बारीक करून तिनं माझ्याकडं, मग डब्याकडं पाहिलं. मग अंगणात गेली, वाटीत हात घातला आणि स्वतःच्या दोन्ही गालांना हळद फासली. स्वतःच. ती फाटकाबाहेर गेली. तिथं रस्त्यावर उभी राहिली, एकटी, पिवळी. एक जीप धूळ उडवत गेली. ती हलली नाही.

मग जी धावत आली! चटई ओलांडून, मला धक्का देऊन, स्वयंपाकघरात, माठ, तांब्या, डबा, लाडू. तोंड भरून माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदा त्या पोरीचं हसू मी आवाजासकट ऐकलं.

असं आम्ही नऊ वेळा केलं. एकदा ती जायची, एकदा मी. पाचव्या वेळेला सुमनआजी ओरडल्या, "आगं ए पोरींनो, सगळं सांडून राहिल्या! इचारून घ्यावं की काही!"

इसू थबकली. लाडू हातात. आजीकडं बघत राहिली.

सुमनआजी बोलता बोलता थांबल्या. तिच्या हळदीच्या तोंडाकडं पाहिलं, रिकाम्या चटईकडं पाहिलं. मग पुढं होऊन त्यांनी ती चटई गुंडाळली आणि भिंतीला उभी केली. "खा," म्हणाल्या. "पण सांडू नको, घुशी."

नववी फेरी झाल्यावर त्यांनी डबाच उचलून नेला. आणि इसू माझं बोट धरून अंगणवाडीत आली, तशीच पिवळी, शेपटासकट. मी काजळानं तिच्या गालांवर मिशा काढल्या. कपाळावर एक पट्टा ठेवायचा की सगळे उडालेले दाखवायचे यावर आमचं जोरदार भांडण झालं. ती बोलत होती! सहा आठवड्यांचं सगळं एकदम बोलत होती. आशाकाकूंनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि नुसतं म्हणाल्या, "तोंड धू पुनम, तूबी नवरीवाणी दिसून राहिली." माझंही तोंड पिवळंच होतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

नाटक सुरू झालं. मी शिंकले, कारण वाघिणीची शिंक बाहेरून काढायची असं ठरलं होतं. वाघीण निघाली. पहिलं घर म्हशीचं. तिथं इसूनं हात जोडून म्हणायचं होतं, "माझा पट्टा देता का हो?" तिला मी तीनदा शिकवलं होतं.

ती मुन्नापुढं उभी राहिली. हात जोडले नाहीत. सरळ त्याच्या पाठीवरचा पट्टा ओढला. टाचणी उडाली.

"ए! आधी इचारायचं ना!" म्हैस ओरडली.

"काहून इचारू? माझाच हाय."

"दीदीनं सांगितलंय इचारायचं!"

"दीदीला काय माहीत?" आणि ती कावळ्याकडं गेली.

रुक्मामावशी खिचडी हलवायची सोडून दारात आल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुझी गोष्ट बिघडवून राहिली की ही."

"बिघडू द्या, मावशी," मी म्हटलं.

वाघिणीनं कावळा लुटला, मोर लुटला. मुन्ना रडवेला होऊन म्हणाला, "मंग माझ्याकडं काय राहिलं?" इसू परत आली. गंभीरपणे त्याच्या गळ्यातला मफलर नीट केला. "हे हाय ना तुझं," म्हणाली. मुन्नाला पटलं. म्हैस खूश, वाघीण खूश, आणि माझ्या गोष्टीचा शेवट, ज्याच्यात सगळे प्राणी वाघिणीला माफ करून गाणं म्हणतात, तो कुणालाच आठवला नाही.

दुपारी मी इसूला घरी सोडायला गेले. तोंड धुऊ दिलं नव्हतंच तिनं. सुमनआजी फोन हातात घेऊन ओसरीवर बसल्या होत्या, व्हिडिओ कॉल लावलेला. पलीकडं एक तरुण बाई, हातात हिरवा चुडा, मागं नवा रंग दिलेली भिंत. निलम.

"इसू? आगं माय, हे काय तोंड केलं?"

"मी वाघीण हाय," इसू म्हणाली आणि फोनमध्ये डरकाळी फोडली. निलम आधी हसली, मग ओढणीनं डोळे पुसायला लागली. किती दिवसांनी तिनं हा आवाज ऐकला असेल.

सुमनआजींनी फोन स्वतःकडं वळवला. "कवा येतीस?"

"बघू आई. तुमी कोणी न्यायला आलात की..."

"न्यायला कशाला लागतं कोणी?" आजी जरा जोरातच बोलल्या. "सकाळची बस हाय की. कालिजला जायची तवा कोण यायचं न्यायला? पिशवी घे अन् ये."

निलम फोन तोंडाजवळ आणून म्हणाली, अगदी हळू, "येऊ का तशीच?"

"इचारती काय!"

इसूनं दोन्ही हातांनी फोन ओढून घेतला. स्क्रीनवर हळदीची बोटं उमटली. "आत्या, मी सांगते तसं कर. आली की चटईवर बसू नको. पाणी मागू नको, माठ तिथंच हाय. मंग डबा उघड."

"कोणता डबा गं?"

"लाडूचा. आजीनं वरच्या फळीवर ठेवलाय, आमी लई खाल्ले म्हणून. माझा हात पुरत न्हाई," इसू म्हणाली. "तू आली की काढ."